आमच्या जामचा जमाखर्च

आमच्या समुद्रपूर तालुक्यात जाम नावाचे एक गाव आहे. परगावचा पाहुणा हे नाव ऐकून हसतो, आणि एकदा तेथे अडकला की हसायचे थांबतो. नागपूरहून हैद्राबादेकडे जाणाऱ्या हमरस्त्याला ह्याच गावी चंद्रपूरचा रस्ता फुटतो. पूर्वी ह्या हमरस्त्याला सात नंबर म्हणत. २०१० साली सरकारने नवी नंबरवारी केली, तेव्हापासून तो चव्वेचाळीस झाला. श्रीनगरहून कन्याकुमारीला निघालेल्या माणसाने दुसरी वाट धरली नाही तर त्याला आमच्या जामचे दर्शन घेऊनच पुढे जावे लागते. हा मान मोठमोठ्या तीर्थक्षेत्रांनाही नाही.

गेल्या धनत्रयोदशीला मी नागपूरहून एस.टी.ने घरी येत होतो. मांडीवर रव्याची पिशवी, पायांशी मुलांची फुलबाज्यांची खोकी. जामच्या अलीकडे गाडी थांबली ती थांबलीच. पुढे कोळशाचे ट्रक, त्यांच्यापुढे सिमेंटचे, मध्येच हिंगणघाटच्या बाजाराला निघालेले कापसाचे ट्रॅक्टर, आणि ह्या सगळ्यांच्या फटींतून वाट काढणाऱ्या मोटारसायकली. अर्धा तास गेला, तास गेला. कंडक्टर खाली उतरून चहा पिऊन आला. मग माझ्या शेजारच्या सुशिक्षित गृहस्थांनी निकाल दिला : "ह्याला एकच उपाय. समृद्धीसारखे आणखी दोन महामार्ग बांधले पाहिजेत. शक्तिपीठ होऊ द्या, मग बघा कोंडी कुठे राहते ती!"

गाडीतल्या चारपाच जणांनी माना डोलावल्या. माझी मान मात्र हलेना. आमचे धोतर फाटले, म्हणून शेजारगावच्या पाटलाला नवा शालू घ्यावा, असा हा सल्ला आहे. आणि शालूची उधारी आमच्या नावावर मांडायची!

शक्तिपीठ महामार्ग निघायचा आहे तो आमच्याच जिल्ह्यातल्या पवनारहून. तेथून तो नैर्ऋत्येला वळून यवतमाळ, नांदेड, लातूर, सोलापूर, सांगली, कोल्हापूर असा बारा जिल्ह्यांतून ८०२ किलोमीटर धावत गोव्याच्या हद्दीवर पात्रादेवीला टेकायचा. ठीक आहे. पण जामला जी गर्दी तुंबते ती चंद्रपूर-नागपूर आणि हैद्राबाद-नागपूर अशी. चंद्रपूरचा कोळसा काही पात्रादेवीच्या दर्शनाला जात नाही. मग पवनारहून नैर्ऋत्येला जाणाऱ्या रस्त्याने आमच्या पुढचा एक तरी ट्रक कमी झाला असता काय? आणि त्या बाजूला जाणाऱ्यांना आज वाटच नाही म्हणावे, तर बुटीबोरीहून वर्धा, यवतमाळ, लातूरवरून तुळजापूरला जाणारा राष्ट्रीय मार्ग आहेच. तो चौपदरी करताना आमच्या लोकांनी जमिनी दिल्या, धूळ खाल्ली. त्या रस्त्यावर गाड्या मावेनाशा झाल्या आहेत अशी ओरड मी तरी ऐकलेली नाही.

आता पैशांकडे येतो. मी पोटासाठी शाळामास्तर आहे आणि हौसेने कादंबऱ्या लिहितो. कादंबरीत हजार कोटी लिहायला शाई लागते तेवढीच, म्हणून मोठ्या आकड्यांचा मला वचक वाटत नाही. पण त्रैराशिक येते. ह्या मार्गाचा अंदाजी खर्च ८६,३०० कोटी रुपये सांगितला गेला. म्हणजे किलोमीटरला सुमारे १०८ कोटी. नागपूर-मुंबईचा ७०१ किलोमीटरचा समृद्धी मार्ग सुमारे ५५,००० कोटींचा म्हणतात, तो किलोमीटरला ७८ कोटींच्या घरात जातो. २४ जून २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने शक्तिपीठासाठी २०,७८७ कोटींची तरतूद मंजूर केली. त्यातले १२,००० कोटी जमीन घेण्यासाठी, तेही हुडकोकडून कर्जाऊ. आणि उरलेले ८,७८७ कोटी कशासाठी? त्या कर्जाच्या संभाव्य व्याजासाठी! जमिनीच्या एका रुपयामागे ७३ पैसे व्याज. खडीची एक पाटी पडण्याआधी, डांबराचे एक पिंप फुटण्याआधी हा हिशेब. राज्याच्या वित्त विभागानेच ह्या कर्जाबद्दल काळजी व्यक्त केल्याच्या बातम्या तेव्हा वर्तमानपत्रांत आल्या होत्या. घरातल्या जमाखर्च लिहिणाऱ्या माणसाने कपाळाला हात लावला, आणि घर मात्र मांडव घालायला निघाले.

कर्ज काढणे हे पाप आहे असे मी म्हणत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासाठी खाजगी कंपनीची निविदा ३,६०० कोटींची आली होती. ती नाकारून १९९६ साली निघालेल्या रस्ते विकास महामंडळाने बाजारातून पैसा उभा केला आणि १,६३० कोटींत काम केले. २००२ साली तो रस्ता पुरा झाला. तेव्हाचे बांधकाममंत्री आमच्या नागपूरचेच, आणि त्याबद्दल आम्हांला अभिमानही वाटला. पण पुढे काय झाले? २००४ साली तेथली टोलवसुली पंधरा वर्षांसाठी ९१८ कोटींना एका कंपनीकडे गेली. पंधरा वर्षे सरली. वाटले, आता फाटक निघेल. तर २०२० साली पुढच्या दहा वर्षांचा नवा करार झाला, आणि टोलाची मुदत थेट २०४५ पर्यंत लांबली. रस्ता बांधला तेव्हा जन्मलेली मुले त्रेचाळीस वर्षांची होईपर्यंत त्या रस्त्याचे देणे चालूच राहणार. सावकाराच्या वहीत बाकी कधी शून्य होत नाही असे आमचे आजे म्हणत. सावकार गेले, वही राहिली.

आणि मुंबईची गंमत पाहा. ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभेच्या निवडणुकीच्या तोंडावर, मुंबईच्या पाचही वेशींवर मोटारींचा टोल माफ झाला. मुंबईकरांचा त्रास वाचला, आनंद आहे. पण ठेकेदाराची भरपाई करायची ती राज्याने. राज्याची तिजोरी म्हणजे कोणाची? तिच्यात समुद्रपूरच्या सोयाबीनवाल्याचाही पैसा आहे. हा मनुष्य आयुष्यात दोनदा मुंबई पाहतो, त्यातली एक खेप टाटाच्या इस्पितळात; आणि मुंबईच्या वेशीवरचा टोल भरतो! त्याच्या स्वतःच्या वाटेवर, इकडे बोरखेडीला आणि तिकडे दारोड्याला, नाकी आहेत. ती दिल्लीची. तेथे निवडणुकीचा वारा पोचत नाही.

मुळात रस्त्यासाठी पैसा कोणी द्यावा, हा प्रश्न नवा नव्हे. १९२७ साली सरकारने बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली रस्ते समिती नेमली. हेच पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. समितीने सांगितले की, पेट्रोलवर जादा कर घ्या, तो वेगळा ठेवा आणि रस्त्यांवरच खर्च करा. १९२९ मध्ये तसा निधी निघाला. २००० साली त्याला कायद्याचे रूप आले, आणि डिझेलवरच्या करातला अर्धा वाटा खेड्यांच्या रस्त्यांना मिळेल असे ठरले. म्हणजे ट्रॅक्टरवाल्याने डिझेल टाकले की त्याने रस्त्याचे पैसे भरले. २०१८ च्या दुरुस्तीने त्या निधीला रस्त्यांखेरीज इतर कामांच्याही वाटा फुटल्या. वाट फुटणे ह्याचा असाही एक अर्थ आहे, हे मी व्याकरणाच्या तासाला सांगत नाही.

आमच्या नागपूरचे नाव तर रस्त्यांच्या इतिहासात कायमचे कोरले गेले आहे. महायुद्ध चालू असताना, डिसेंबर १९४३ मध्ये, साऱ्या हिंदुस्थानचे मुख्य अभियंते नागपूरला जमले आणि त्यांनी वीस वर्षांची योजना आखली. तिला नागपूर योजनाच म्हणतात. राष्ट्रीय मार्ग, राज्य मार्ग, जिल्हा मार्ग, गावरस्ते ही उतरंड त्यांनीच घातली, आणि पिकाऊ मुलखातले कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून लांब असू नये असे ठरवले. ते परक्या सरकारचे नोकर होते. तरी रस्ता आखताना त्यांनी मोजपट्टीचे टोक गावात धरले होते. आज ते टोक राजधानीत धरतात आणि दुसरे टोक गोव्याकडे ताणतात. मधली गावे पट्टीखाली येतात.

ह्यावर आमचे पुढारी विचारतात : "लोक पाचपट मोबदला घेऊन समृद्धीला जमीन देऊन मोकळे झाले, तुमचे पोट का दुखते?" सेलू आणि आर्वी तालुक्यांत पुष्कळांनी जमीन दिली, हे खरे. कोणी त्या पैशांत दुसरीकडे जास्त एकर घेतले, मुलीचे लग्न फेडले, पक्के घर बांधले. त्यांचे चांगले झाले ते मी का नाकारू? कोणाचा पैसा तीन वर्षांत उडाला, तेही पाहिले. पण देणाऱ्याला भाव मिळाला म्हणजे रस्ता लागत होता हे सिद्ध झाले, हा कोठला न्याय? बैल चांगल्या किमतीला गेला म्हणून घेणाऱ्याला बैलाची गरज होती असे ठरत नाही. आणि कोल्हापूर-सांगलीकडच्या बागायतदारांनी नको म्हटले, तेव्हा काय झाले? २०२४ च्या निवडणुकीपूर्वी कोल्हापुरातले भूसंपादन मागे घेतले आणि निवडणूक पार पडल्यावर पुन्हा पुढे सरकवले.

पण विचारायचे तरी कोणाला होते? १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या. गावाचा रस्ता गावाजवळच्या माणसाने ठरवावा हा त्यांचा एक हेतू होता. मार्च २०२२ मध्ये वर्ध्याच्या जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाच्या हाती गेला. निवडणूक लांबतच गेली. नेमक्या त्याच काळात पवनारपासून पात्रादेवीपर्यंत रेघ ओढली गेली. जिल्ह्याच्या छातीवर रेघ ओढली जात होती आणि जिल्ह्याच्या सभागृहाला कुलूप होते. महामंडळ मुंबईत, त्याचे संचालक सरकारने नेमलेले, सावकार दिल्लीचा. आम्ही फक्त सातबाऱ्यावर.

पवनारहून ह्यापूर्वीही एक यात्रा निघाली होती. मार्च १९५१ मध्ये विनोबा तेथून पायी निघाले ते हैद्राबादजवळच्या शिवरामपल्लीला, आणि पुढच्या महिन्यात पोचमपल्लीला त्यांना पहिले भूदान मिळाले. तेही जमीनच मागत होते. पण ते दारात उभे राहून मागत, आणि ज्याने दिली नाही त्याला नोटीस येत नसे.

असो. जामला आमची गाडी अजून थांबलेलीच होती. मागच्या बाकावर एक म्हातारे शेतकरी बसले होते. त्यांनी त्या सुशिक्षित गृहस्थांना नम्रपणे विचारले, "साहेब, थो मोठा रस्ता झाला त आमची पांदन होईन का जी? कापूस वेचून ठेवला हाये, पन वावरातून बंडी निंगत नाई." गृहस्थ म्हणाले, ती वेगळी योजना आहे. बरोबरच बोलले. २०२१ ची मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना. तिच्याही नावात समृद्धी आहे. पण मोठ्या समृद्धीसाठी बँकांचा संघ धावून येतो, आणि धाकटीने रोजगार हमीच्या पैशांत भागवायचे. आमच्या काळ्या जमिनीत आश्विनातला एक पाऊस पडला की पांदणीत बंडीचे चाक आसापर्यंत जाते. म्हाताऱ्याचा जाम जामच्या आधीच, त्याच्या बांधावर सुरू होतो. तो कोणी मोजत नाही, कारण तेथे हॉर्न वाजत नाहीत.

गाडी पावणेदोन तासांनी हलली. रव्याची पिशवी फुटली होती, तेवढ्यावर निभावले.

घरी आल्यावर मी एक ठराव लिहून काढला. येत्या २६ जानेवारीच्या आमच्या ग्रामसभेत तो मांडणार आहे. तीनच कलमे आहेत. जिल्ह्यातून जाणाऱ्या प्रत्येक टोलरस्त्याचे कर्ज किती, फिटले किती आणि टोल कोणत्या तारखेला बंद होणार, हे नाक्यावर मराठीत ठळक लिहावे, आणि दर वर्षी जिल्हा परिषदेपुढे ठेवावे. नव्या महामार्गाची आखणी निवडून आलेली जिल्हा परिषद आणि वाटेतल्या ग्रामसभा ह्यांच्या मंजुरीवाचून पक्की करू नये. आणि शक्तिपीठाच्या व्याजासाठी जेवढी रक्कम बाजूला काढली, तेवढीच आधी बारा जिल्ह्यांच्या पांदणींसाठी आणि जामसारख्या चौरस्त्यांसाठी काढावी. शुद्धलेखन सौभाग्यवतींनी तपासले आहे. "नैर्ऋत्य" मी चुकवला होता.

सूचक मीच. अनुमोदकाची जागा रिकामी आहे. मागच्या बाकावरच्या त्या म्हाताऱ्यांचे गाव विचारायचे राहून गेले. ते गिरडच्या फाट्यावर उतरले एवढे आठवते.