शुल्कातच मिळणारी एक सोय

आपल्या व्यापारी कुटुंबांतील मुले-मुली आता पदव्युत्तर शिक्षणासाठी अमेरिकेस जाऊ लागली आहेत. शैक्षणिक कर्जाचा व्याजदर, राहण्याची जागा, शुद्ध शाकाहारी भोजन या सर्वांची आपण बारकाईने चौकशी करतो. तेथे गेल्यावर वारंवार दीर्घ लेख व अहवाल लिहावे लागतात, याची चौकशी मात्र सहसा कोणी करीत नाही. आकडेमोडीत तरबेज असलेला मुलगा पहिल्या सत्रात बहुधा येथेच अडखळतो.

याचे कारण आपल्या शिक्षणपद्धतीत आहे. पाठ्यपुस्तकातील उत्तर जसेच्या तसे उतरवले की आपल्याकडे पूर्ण गुण मिळतात. तेथे तेच वाक्य मूळ लेखकाचा निर्देश न करता उतरवले तर ते वाङ्मयचौर्य ठरते आणि अनुत्तीर्ण होण्यापासून निलंबनापर्यंत शिक्षा होऊ शकते. अशा भीतीपोटी काही पालक पैसे देऊन लेख लिहवून घेण्यास सुचवतात. तो तर त्याहूनही गंभीर गुन्हा मानला जातो. बँकेत असताना मी सल्लागाराकडून करून घेतलेले सुबक प्रकल्प अहवाल पुष्कळ पाहिले. तिसऱ्या वर्षी विक्री एवढी कशी वाढणार, असे विचारले की अर्जदार शेजारी बसलेल्या सल्लागाराकडे पाहत असे. प्रस्तावाचे वजन तेथेच उतरे.

वास्तविक मदत विद्यापीठाच्या आवारातच असते. तिला ‘रायटिंग सेंटर’, म्हणजे लेखन केंद्र म्हणतात. आयोवा विद्यापीठातील लेखन प्रयोगशाळा १९३४ पासूनची. इंडियाना राज्यातील पर्ड्यू विद्यापीठात, जेथे भारतीय विद्यार्थी मोठ्या संख्येने शिकतात, म्युरिएल हॅरिस यांनी १९७६ मध्ये असे केंद्र उभारले. त्याची संदर्भलेखनाविषयीची मार्गदर्शिका आज इंटरनेटवर कोणासही विनामूल्य वाचता येते. प्रवासाला निघण्यापूर्वीच ती चाळावी. बहुतेक विद्यापीठांत नोंदणीकृत विद्यार्थ्याला या केंद्राच्या भेटीसाठी वेगळा आकार पडत नाही.

मात्र एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. सकाळी वह्या मुनीमजींकडे टाकाव्यात आणि सायंकाळी ताळेबंद घ्यावा, असा हा व्यवहार नाही. स्टीफन नॉर्थ या अभ्यासकाने १९८४ मध्ये मांडलेली भूमिका आजही पायाभूत मानली जाते: केंद्राने हातातील लेखाऐवजी तो लिहिणाऱ्यास सुधारावे. त्यामुळे आपली मुले पहिल्या भेटीनंतर काहीशी हिरमुसतात. व्याकरणाच्या चुका कोणी लाल शाईने दुरुस्त करून दिल्या नाहीत, ही त्यांची तक्रार असते. मला ती पद्धत रास्त वाटते. हिशेब जुळत नसेल तर चूक शोधण्याची रीत शिकवणारा वरिष्ठ मला आकडा सांगणाऱ्यापेक्षा नेहमीच मोलाचा वाटला.

भेट साधारणतः अर्धा ते एक तास चालते. समोर बसणारा मार्गदर्शक बहुधा प्रशिक्षित विद्यार्थीच असतो. प्राध्यापकांनी नेमके काय मागितले आहे, हे तो प्रथम विचारतो. म्हणून दिलेल्या कामाची सूचनापत्रिका सोबत न्यावी. पुष्कळदा लेख मोठ्याने वाचावयास सांगतात. लांबलेले वाक्य, निसटलेला दुवा डोळ्यांना दिसला नाही तरी कानाला खटकतो. मुख्य मुद्दा कोणता, तो तिसऱ्या पानावर का आला, पुरावा कोठे आहे, हे प्रश्न आधी. काळ, वचन, विरामचिन्हे मागाहून. लेख पूर्ण झालेला असलाच पाहिजे असे नाही. नुसते टिपण घेऊन गेले तरी चालते, आणि माझ्या मते तीच वेळ अधिक उपयोगाची, कारण तेव्हा बदल करणे जिवावर येत नाही.

आणखी एक व्यावहारिक बाब. अमेरिकेत शरद सत्र बहुधा ऑगस्टअखेर सुरू होते. आरंभीच्या आठवड्यांत केंद्राच्या वेळा सहज मिळतात. नोव्हेंबरच्या अखेरीस लेख देण्याची मुदत जवळ आली की त्या भराभर भरून जातात. तेव्हा पहिली भेट सप्टेंबरमध्येच ठरवण्यास मुलांना सांगावे.