शनिवारवाड्यातील हाक

पिंपरी-चिंचवड किंवा चाकणच्या शाळेची सहल पुण्याला शनिवारवाड्यावर गेली, की कोणीतरी हळूच सांगतोच, "पौर्णिमेच्या रात्री इथे 'काका, मला वाचवा' अशी हाक ऐकू येते!" सांगणाऱ्याने स्वतः ती बहुधा ऐकलेली नसते, त्याच्या ओळखीच्या कोणाच्या तरी मामांनी ऐकलेली असते.

अशा वेळी घाबरू नये, आणि हसूही नये, प्रश्न विचारावेत. मूळ घटना खरी आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा वाड्यातच खून केला. ते अवघे अठरा वर्षांचे होते. पण ती तिथी होती भाद्रपद शुद्ध त्रयोदशी आणि वेळ दुपारची. मग हाकेला पौर्णिमेची रात्र कोणी नेमून दिली? शिवाय आतल्या इमारती १८२८ च्या आगीत जळून गेल्या. आज उरले आहेत ते तट, दरवाजे आणि जोती.

"दगडांनी आवाज साठवून ठेवला असेल," असे कोणी म्हणेल. परंतु ध्वनी म्हणजे हवेतील कंपने. मोठ्या दालनातही आवाज काही सेकंदच घुमतो. भिंतींवर आदळताना त्याची ऊर्जा शोषली जाते आणि तिची उष्णता बनते. अडीचशे वर्षांनी ऐकू यायला तिथे उरणार काय?

मग रात्री काहीच ऐकू येणार नाही का? येईल की! निरभ्र, शांत रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची त्या मानाने उबदार असते. उबदार हवेत ध्वनीचा वेग अधिक असल्याने ध्वनिलहरी खाली वळतात आणि लांबचे आवाजही स्पष्ट येतात. कुत्र्याचे विव्हळणे असो की रस्त्यावरची आरोळी, त्यात शब्द भरतो तो आपला मेंदू. कारण कोणते शब्द ऐकायचे, हे त्याला आधीच सांगून ठेवलेले असते.

भुताच्या गोष्टी रंजक असतात, त्या जरूर ऐका. धोका वेगळाच आहे. 'भूत' हे उत्तर मिळाले की चौकशी थांबते. आपल्या भागात अनेकांचे आईवडील कारखान्यात रात्रपाळी करतात. एखाद्या यंत्रावर लागोपाठ दोन अपघात झाले आणि 'यंत्राला बाधा झाली' म्हणून नुसता नारळ फोडला, तर सैल झालेली संरक्षक जाळी तशीच राहील. मग तिसरा हात सापडायला कितीसा वेळ लागणार?

नारायणरावांच्या हाकेला खरी ओ दिली ती रामशास्त्री प्रभुणे यांनी. त्यांनी खुनाची चौकशी केली आणि पेशवेपदावर बसलेल्या राघोबादादांनाच दोषी ठरवले. पुढच्या सहलीत कोणी त्या हाकेची गोष्ट सांगू लागला, तर या चौकशीची गोष्ट तुम्ही त्याला सांगा.