डॅशबोर्डाला चीर गेली की वर कापड घालू नका



आपण सगळे इथं वाड्यांच्या, शाळांच्या, गणपतीच्या आठवणी लिहितो. मी आज पिकअप गाडीच्या फुटक्या डॅशबोर्डावर लिहिणार आहे. हसू नका. या डॅशबोर्डावरून आमच्या घरात पंधरा दिवस वाद चालला आणि त्यात चौतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला त्याच्याच नातवाने हिशेबात पकडलं.

गाडी आमच्या दादांची. २००५ साली घेतली, चार लाखांच्या आसपास. कंपनीचं नाव घेत नाही, वीस वर्षं उन्हात उभं राहून कुठलंही प्लास्टिक दमणारच. बेळगावच्या मार्केटातनं भाजी भरायची, रात्री जांबोटी, कणकुंबी करत चोर्ल्याचा घाट उतरायचा आणि उजाडायच्या आत गोव्यात माल टाकायचा. गोव्याच्या ताटातली भाजी किती घरांच्या जागरणावर तिथं पोचते हे आम्हा बेळगावकरांना सांगायला नको. दादा गेले, आता पुतण्या चालवतो. गाडी तीच.

दादांनी गाडी आणली त्याच दिवशी डॅशबोर्डाच्या मधोमध दोन भोकं पाडून गणपतीची बैठक स्क्रूने घट्ट आवळली. भक्ती बरोबर, जागा चुकली. मिस्त्रीने परवा मला दाखवलं, पहिली चीर त्यातल्याच एका भोकापासून निघाली होती. दिवसभर काचेतून ऊन, रात्री घाटातली थंडी. प्लास्टिक रोज फुगतं, रोज आकसतं. स्क्रूने आवळलेल्या जागी त्याला हलायला वाव नाही, मग ते तिथूनच फाटतं. एक चीर काचेखालच्या हवेच्या फटीपर्यंत गेली, दुसरी वळून मीटरच्या वरच्या टोपीपर्यंत.

यावर पुतण्याने केलं काय, तर बाजारातनं ते केसाळ काळं कापड आणून वर पसरलं. ट्रक-टेंपोत सगळ्यांकडे असतं तसलं. चीर दिसायची बंद झाली. वहिनीसुद्धा म्हणाल्या, "बरं झालं, गाडी नवी दिसायला लागली की."

मला ते कापड पहिल्यापासून खटकलं, आणि त्याचं कारण गॅरेजातलं नव्हे, बँकेतलं आहे. आमच्याकडे थकलेल्या कर्जदाराला नवं कर्ज द्यायचं, त्यातून जुना हप्ता भरून घ्यायचा आणि खातं चांगलं दाखवायचं, असा एक प्रकार चाले. नरसिंहम समितीच्या अहवालानंतर १९९२-९३ पासून थकीत खात्यांचे नियम आले, पुढे मार्च २००४ पासून नव्वद दिवसांची अट आली, तेव्हा अशी पुष्कळ झाकलेली खाती उघडी पडली. कर्ज आदल्या दिवशी बुडालेलं नव्हतं. बुडून वर्षं झाली होती, वर कापड होतं इतकंच. वाहनकर्जाच्या तपासणीला गेलो की मी टायर नंतर बघायचो, आधी डॅशबोर्ड. ज्याला मीटरवरची धूळ पुसायला वेळ आहे, तो हप्त्याची तारीखही लक्षात ठेवतो असा माझा अनुभव. चुकलाही असेन एखाद-दोनदा.

असो. कापडाखाली काय चाललं होतं ते आम्हाला मागच्या मे महिन्यात कळलं.

पुतण्या गोव्याहून परतीच्या भाड्याला नारळ घेऊन येत होता. केरीपासून चढ सुरू होतो. डॅशबोर्डाचं आतलं एक लॉक तुटलेलं, त्यामुळे मीटरची पेटी खाली झुकलेली आणि कापड धक्क्याधक्क्याने पुढे सरकत निम्म्या मीटरवर आलेलं. टेंपरेचरचा काटा नेमका त्याच बाजूला. रेडिएटरचा पाइप गळत होता, काटा लालवर कधी गेला ते पोराला दिसलंच नाही. बॉनेटमधनं वाफ आली तेव्हा गाडी थांबली. हेड गॅस्केट गेलं. रात्री अडीच वाजता, घाटात, मोबाइलला रेंज नाही. दुसऱ्या गाडीवाल्याने वरपर्यंत आणून सोडलं. तोपर्यंत इकडे वहिनी पहाटे चार वाजल्यापासून दारात उभ्या. खर्च किती आला ते लिहीत नाही. तो आकडा ऐकून वहिनी काही बोलल्या नाहीत, त्या कापडाची घडी करून कचऱ्यात टाकून आल्या.

इंजिन झालं आणि मग प्रश्न आला डॅशबोर्डाचा. नवा घालायचा, जुना सांधायचा, की तसाच ठेवायचा? नव्या सुट्या भागाचा आकडा अकरा हजार, मजुरी वेगळी. मी म्हटलं काहीही करा, पण करा. तेव्हा नातू बोलला. पुतण्याचा मुलगा, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि घसारा त्याला मीच शिकवलाय.

"आजोबा, भाड्याने चालणाऱ्या मालवाहू गाडीला घसारा तीस टक्के. चार लाखांची गाडी दहाव्या वर्षाअखेर वहीत ११,३०० राहते आणि पंधराव्या वर्षाअखेर १,९००. एकोणीसशे रुपयांच्या गाडीत अकरा हजारांचा डॅशबोर्ड कोण घालतंय ओ?"

आकडे बरोबर होते. मी पुन्हा कागदावर करून बघितले. घरातले सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी त्याला सांगितलं ते इथंही सांगतो, कारण ही चूक फक्त विद्यार्थी करत नाहीत. घसारा म्हणजे गाडीची किंमत नव्हे. विकत घेताना दिलेले पैसे किती वर्षांत खर्चात टाकायचे याची ती रीत आहे. वहीतले १,९०० बघून गाडी चालत नाही, आणि ती चालायची थांबली तर वही तिच्या जागी दुसरी आणून देत नाही. तुलना करायची तर डॅशबोर्डाचा खर्च एका बाजूला आणि गाडी आठ दिवस उभी राहिली तर बुडणारं भाडं दुसऱ्या बाजूला ठेवायचं. शिवाय हा खर्च दुरुस्तीचा आहे, त्याच वर्षाच्या नफ्यातनं वजा होतो, भांडवली खर्च नाही. हे तुझ्या पुस्तकात पुढच्या धड्यात आहे, म्हटलं.

पण म्हणून मी नव्या डॅशबोर्डाच्या बाजूने होतो असं नाही. मिस्त्री मात्र पहिल्या दिवसापासून एकच म्हणत होता, "काका, बदलूनच टाकूया की. सांधायला टाइम जातोय." त्याचंही खरं. बदलणं त्याला सोपं, नफ्याचं, आणि नंतर तक्रार नाही. माझं म्हणणं, आधी गाडीतनं बाहेर काढ, उलटा करून बघू, मग ठरवू. वरून बघून ठरवायची ही गोष्टच नाही. बॅटरीची वायर आधी काढायची, प्रत्येक जोडणीचा मोबाइलवर फोटो घ्यायचा, स्क्रू वेगवेगळ्या डब्यांत ठेवायचे. नातवाला मी हेच काम दिलं, आणि एक लपलेला स्क्रू त्यालाच सापडला. तो न काढता ओढलं असतं तर तिसरी चीर गेली असती. अर्ध्या जुन्या गाड्यांचे डॅशबोर्ड उन्हाने कमी आणि असल्या ओढाओढीनेच जास्त फुटतात, असं मिस्त्रीच म्हणाला.

उलटा केल्यावर दोन गोष्टी बघायच्या. पहिली, तो ज्या कानांवर आणि लॉकांवर लोखंडी चौकटीला बसतो ते शाबूत आहेत का. एखाद-दुसरं तुटलं असेल तर मागून पत्र्याची पट्टी लावून भागतं. चार-पाच गेले असतील, किंवा नखाने दाबलं तर प्लास्टिकचा भुगा पडत असेल, तर सांधण्यात पैसे घालू नका, बदला. दुसरी, मागच्या बाजूला प्लास्टिकची जात साच्यातच उमटवलेली असते, इंग्रजीत पी.पी. किंवा ए.बी.एस. अशी अक्षरं असतात. आमच्यावर पी.पी. होतं, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. या जातीला कुठलाही डिंक धड चिकटत नाही. पुतण्याने पूर्वी तीन वेळा झटपट डिंकाच्या ट्यूबा ओतल्या होत्या, त्या खपलीसारख्या निघून आल्या. याला त्याच जातीच्या प्लास्टिकची कांडी घेऊन गरम हवेने वेल्डिंगच करावं लागतं.

आणि एक महत्त्वाचं. ज्यांच्या गाडीत डॅशबोर्डामागे एअरबॅग आहे त्यांनी त्या झाकणाजवळची चीर सांधू नये. ते झाकण ठरलेल्या रेषेवरच फाटायला हवं, सांधलेलं कसं फाटेल ते कुणी सांगू शकत नाही. तिथं बदलणं हाच मार्ग. आमच्या गाडीत एअरबॅग नाही, त्यामुळे तो प्रश्न आला नाही.

आमचे कान दोन तुटलेले, बाकी अंग धड. मग ऑटोनगरात बंपर वेल्डिंग करणाऱ्या एका कारागिराकडे नेला. त्या माणसाचं काम बघत मी तीन तास स्टुलावर बसून होतो, घरची मंडळी म्हणतात बँकेत कधी इतका एका जागी बसला नसाल. त्याने आधी साबणाच्या पाण्याने आणि मग थिनरसारख्या कशाने तरी दोनदा पुसलं. वर्षानुवर्षं मारलेल्या चमकणाऱ्या पॉलिशचं सिलिकॉन आत बसलेलं असतं, ते राहिलं तर रंग धरत नाही. मग प्रत्येक चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडलं. मला वाटलं चुकला. तो म्हणाला, चीर टोकाकडून पुढं सरकते, टोक गोल केलं की थांबते. जी भोकं दादांनी पाडली त्यांनी चीर सुरू केली आणि ही भोकं ती थांबवणार. फरक इतकाच की यांत स्क्रू आवळायचा नाही. पुढे चिरेला वरून खाच, खाचेत कांडी वितळवून भरणं, मागून बारीक तारेची जाळी गरम करून प्लास्टिकात बसवणं. घासणं, पुट्टी, पुन्हा घासणं, पी.पी.ला लागणारा खास प्रायमर आणि शेवटी बिनचमकीचा काळा रंग. पुतण्या चकचकीत रंग मागत होता. मी नाही म्हटलं. चकचकीत डॅशबोर्डाचं प्रतिबिंब काचेत पडतं आणि घाटात समोरून गाडी आली की आधी डोळे दिपतात.

सगळं मिळून साडेचार हजार. चीर कुठं होती ते माहीत असलेल्यालाच दिसतं, म्हणजे मला आणि पुतण्याला.

जुन्या गाड्या मोडणाऱ्यांकडून डॅशबोर्ड आणायचा विचार आम्हीही केला होता. वाईट मार्ग नाही, पण तोही तितकाच उन्हात तापलेला असतो हे विसरू नका, आणि ए.सी.चा, बिगर ए.सी.चा साचा वेगळा असतो. आणलात तरी मीटर तुमचा जुनाच त्यात बसवा. दुसऱ्याच्या मीटरवर कमी किलोमीटर दिसले की पुढे गाडी विकताना घेणाऱ्याला शंका येणार, आणि त्याची ती शंका रास्तच. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेसला जावंच लागतं, तिथंही मीटर आणि दिवे चालू लागतात.

रेक्झिन चढवणारेही भेटले. सांधलेल्या डॅशबोर्डावर हौस म्हणून चढवा, माझी हरकत नाही. फुटक्यावर चढवलं तर ते केसाळ कापडाचंच महाग भावंड.

गणपतीचा प्रश्न मात्र शेवटपर्यंत राहिला. वहिनींचं म्हणणं, दादांनी जिथं बसवला तिथंच बसायला हवा. कारागीर म्हणे पुन्हा भोक पाडलंत तर मी जबाबदार नाही. दोन दिवस गाडी गणपतीशिवाय दारात उभी, पुतण्या भाडं घ्यायला तयार नाही. शेवटी मागच्या लोखंडी चौकटीतनं एक पट्टी हवेच्या फटीतून वर काढली आणि बैठक त्या पट्टीवर आवळली. प्लास्टिकला कुठं टेकत नाही. जागा जुनीच, बोटभर उंच. वहिनींनी हात लावून हलवून बघितलं आणि मग हळद-कुंकू वाहिलं.

एक काम राहिलंय. डावीकडच्या हवेच्या खिडकीची प्लास्टिकची जाळी अजून मिळालेली नाही, तिथं सध्या भोकच आहे. साधारण २००५ ची, बिगर ए.सी.ची पिकअप कुणाच्या परड्यात किंवा शेतावर पडून असेल आणि तिची जाळी धड असेल, तर खाली लिहा. बेळगाव, खानापूर, निपाणी, गोवा, कुठंही. पुतण्या येऊन घेऊन जाईल, आणि हो, पैसे देऊन.