कामाच्या गोष्टी : हात पोहोचत नाही तिथली बॅटरी

मृग लागला, खाचरात पाणी साचले की पेण-रोह्याकडे ट्रॅक्टरला एकदम मागणी येते. भाड्याने चिखलणी करणाऱ्यांची कमाई या थोड्या दिवसांतच व्हायची असते. आणि नेमका त्याच सकाळी सेल्फ मारला की नुसता 'टक्' आवाज येतो. बरेच दिवस गाडी उभी, बॅटरी उतरलेली. मालक घाई करतो आणि आपला पोरगा पाना घेऊन बॉनेटमध्ये डोके घालतो. आजच्या चार गोष्टी त्या पोरासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी.

काही ट्रॅक्टरांत बॅटरी बॉनेटच्या आत अडकवलेली असते, काहींत पायरीजवळच्या पेटीत. टोके दिसतात, पण हात नीट जात नाही. अशा अरुंद जागेत पाना निसटून अधिक टोकाला आणि पत्र्याला एकदम लागला, की मोठी ठिणगी उडते. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. हवेत तो शंभरात चार भाग असला तरी ठिणगीने पेटतो. मग बॅटरी फुटते आणि आतले ॲसिड तोंडावर, डोळ्यांत उडते. एका दिवसाची मजुरी उद्या भरून काढता येते. डोळ्यांचे तसे नाही.

मग करायचे काय? बॅटरीच्या अधिक टोकाची जाड वायर सेल्फपर्यंत जाते. तिथे ती ज्या बोल्टला जोडलेली असते, तो बोल्ट बहुधा हाताला लागतो. चार्जरचा लाल चिमटा तिथे लावला तरी चालते. मात्र सेल्फवर दोन जाड बोल्ट असतात. बॅटरीकडून वायर येते तोच घ्यावा, दुसरा नाही. वायर डोळ्यांनी शेवटपर्यंत तपासावी. काळा चिमटा बॅटरीपासून दूर, इंजिनच्या रंग नसलेल्या स्वच्छ लोखंडावर लावावा. काही फार जुन्या ट्रॅक्टरांत अधिक टोकच अंगाला जोडलेले असते. तिथे ही रीत चालत नाही, मेकॅनिकला विचारावे.

क्रम पाठ करावा. चावी बंद, गाडी न्यूट्रल, चार्जरचे बटण बंद. आधी लाल, मग काळा, शेवटी बटण चालू. काढताना आधी बटण बंद, मग काळा, मग लाल. चार्जर १२ व्होल्टवर ठेवावा. बॅटरी ८० अँपिअर-तासाची असेल तर ८ अँपिअर पुरे. पार उतरलेली बॅटरी भरायला दहा-बारा तास लागतात. घाई करून जास्त करंट दिला तर प्लेटी खराब होतात. झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर प्लेटी बुडतील इतपतच डिस्टिल्ड वॉटर आधी घालावे, बाकीचे चार्ज झाल्यावर.

दर वर्षी हाच त्रास होत असेल तर मेकॅनिककडून अधिक टोकाची एक वायर कायमची बाहेर काढून घ्यावी. तिला बॅटरीजवळच फ्यूज आणि बाहेरच्या टोकाला रबरी टोपी हवीच. टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी चढली असेल तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवून, पुसून व्हॅसलीन लावावे. आपल्याकडच्या दमट, खाऱ्या हवेत हे जरुरीचे आहे.

आता घरच्यांसाठी. बॅटरी घरात, बंद खोलीत चार्जिंगला लावू देऊ नका. पडवी किंवा उघडी शेड बरी, पण पाऊस लागता कामा नये. ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहून प्लगला हात लावू नये. जवळ विडी-काडी नको, पोरेही नकोत. डोळ्यांत ॲसिड गेलेच, तर निदान पंधरा मिनिटे स्वच्छ पाणी सोडत राहावे आणि लगेच दवाखाना गाठावा. घरगुती औषध घालत बसू नये.

मालक घाई करील. त्याला सांगावे, "शेठ, पाच मिनिटे थांबा, वायर बघून लावतो." असे सांगण्यात कमीपणा नाही. गाडी त्याची असली तरी डोळे आपले आहेत.