‘नाद खुळा’ म्हणणारा वाचक काय कामाचा?

कॉलेजातल्या प्रदर्शनाच्या दाराशी एक अभिप्राय वही ठेवलेली असते. कुठलीही उघडा, ‘स्तुत्य उपक्रम’, ‘कौतुक करावे तेवढे थोडे’ आणि ‘पुढील वाटचालीस शुभेच्छा’ यांखेरीज तिच्यात फारसे काही सापडत नाही. सही मात्र लफ्फेदार असते. सातारा-सांगलीकडच्या बीसीए आणि कॉम्प्युटर सायन्सच्या वर्गांत आता या वहीची जागा व्हॉट्सॲपच्या ग्रुपने घेतली आहे. वेब डिझाइनचा प्रकल्प म्हणून मुले स्वतःची वेबसाइट करतात, लिंक ग्रुपवर टाकतात आणि पाच मिनिटांत ‘नाद खुळा’, ‘लय भारी’, ‘एक नंबर भावा’ असा पाऊस पडतो. वही गेली, भाषा बदलली, पोकळपणा तेवढा राहिला. माझे म्हणणे एवढेच, की स्वतःची साइट करण्यातला अभ्यास कोड लिहिण्यात जेवढा आहे त्याहून जास्त ती वर्गमित्राच्या हातात देऊन शेजारी गप्प बसण्यात आहे. आणि आपल्याकडे नेमका तोच भाग मुलांच्या मर्जीवर सोडलेला असतो.

या साइट दिसतात कशा? बहुतेक एकाच साच्यातून काढलेल्या. वर लॅपटॉप आणि कॉफीच्या कपाचा फुकट मिळालेला फोटो, त्यावर एकेक अक्षर टाइप होत उमटणारे इंग्रजी ‘हॅलो, आय ॲम’, खाली कौशल्यांच्या रंगीत पट्ट्या : एचटीएमएल ९० टक्के, जावा ७५ टक्के. हे टक्के कोणी मोजले, कशाने मोजले, हे विचारायचे नसते. प्रकल्पांत कॅल्क्युलेटर आणि कामांची यादी. शेवटी संपर्काचा फॉर्म. तो भरून बटण दाबले तर निरोप कुठेच पोहोचत नाही. पाटणच्या खोऱ्यातला मुलगा असो की जतचा, साइटवरून तो बंगळूरचा वाटावा अशी तजवीज केलेली असते. यात मुलांचा दोष थोडा आहे. मास्तरांनी साच्यातली साइट मागितली, त्यांनी ती दिली.

मग साइट हवीच कशाला, लिंक्डइन आणि इन्स्टाग्राम आहेतच की, असा सवाल येतो. त्याचे उत्तर फार लांबवायला नको. १९९३ च्या एप्रिलमध्ये ‘सर्न’ या संशोधन संस्थेने वेबचे तंत्र सगळ्यांना मोफत खुले केले, ते कुणाचीही परवानगी न घेता कुणालाही आपले पान मांडता यावे अशा रीतीने. नंतर लोक दुसऱ्याच्या वाड्यात बिऱ्हाडाला गेले. जिओसिटीज २००९ मध्ये बंद पडले, ऑर्कुट २०१४ मध्ये. वाडाच पाडल्यावर भाडेकरूंनी दाद कुठे मागायची? गिटहबसारख्या ठिकाणी साधी साइट आजही एक रुपया न भरता ठेवता येते. तीही परक्याचीच जागा, हे खरे. पण तिथल्या फायली आपल्या असतात आणि उचलून दुसरीकडे नेता येतात. मला याहून मोठे वाटणारे कारण वेगळे आहे. इन्स्टाग्रामवर काय कुठे दिसावे हे आधीच ठरलेले असते. स्वतःच्या साइटवर आधी काय सांगायचे, काय वगळायचे, येणारा माणूस कोण, हे सगळे स्वतःला ठरवावे लागते. आणि येणारा माणूस कोण हे एकट्याने स्क्रीनसमोर बसून कळत नाही.

एक उदाहरण कल्पून पाहू. साताऱ्यातल्या एका मुलीने आपल्या साइटवर प्रकल्प म्हणून कोयना धरणाचे पान केले आहे. धरणाची क्षमता सुमारे १०५ टीएमसी, आज साठा किती, दरवाजांतून विसर्ग किती क्युसेक, असे नीटनेटके तक्ते आहेत. ग्रुपवर टाकले असते तर ‘कडक’ आले असते. त्याऐवजी सांगलीच्या एका मुलाच्या हातात फोन देऊन एवढेच सांगितले : उद्या तुमच्याकडे पाणी वाढेल का, ते या पानावरून सांग. तो वरचा धरणाचा मोठा फोटो अंगठ्याने सरकवतो, तक्त्यापाशी थांबतो, पुन्हा वर जातो, पुन्हा खाली येतो आणि विचारतो, ‘‘म्हणजे आयर्विनला किती फूट?’’ कारण सांगलीत पूर क्युसेकमध्ये येत नाही, फुटांत येतो. आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका, आणि २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते, हे तिथे शाळकरी पोरालाही पाठ असते. त्या एका प्रश्नाने मुलीचा प्रकल्प मुळातून हलतो. कोयनेचा विसर्ग आणि आयर्विनची पातळी यांचा सरळ गुणाकार नाही. मध्ये कृष्णेचे स्वतःचे पाणी आहे, खोऱ्यातला पाऊस आहे, हरिपूरच्या संगमावर वारणेची फुग आहे, पाणी खाली पोहोचायला लागणारा वेळ आहे. आता तिला हायड्रॉलॉजी वाचावी लागेल, नाहीतर पानावर प्रामाणिकपणे लिहावे लागेल की यावरून सांगलीची पातळी सांगता येत नाही. दोन्ही गोष्टी रंगीत पट्ट्यांपेक्षा मोलाच्या. त्या मुलाने ‘अभिप्राय’ दिलाच नाही, हेही लक्षात घ्या. तो फक्त अडला, आणि तो कुठे अडला ते तिने पाहिले.

या फरकाला संशोधनाचा आधार आहे. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी १९९६ मध्ये अभिप्रायाच्या परिणामांवरच्या जुन्या अभ्यासांची मोठी छाननी केली. सरासरीने अभिप्रायाचा फायदा दिसला; पण तपासलेल्या ६०७ परिणामांपैकी एक-तृतीयांशाहून अधिक ठिकाणी अभिप्राय मिळाल्यावर कामगिरी उलट घसरली होती. त्यांनी मांडलेले कारण असे, की बोलणे कामावरून माणसावर घसरले की त्याचे लक्षही कामावरून उडून स्वतःकडे जाते. ‘तू हुशार आहेस’ आणि ‘तुला जमत नाही’ ही दोन्ही वाक्ये या अर्थाने एकाच माळेचे मणी. आपल्याला दुसऱ्याचा धोका कळतो, पहिल्याचा कळत नाही. उलट बाजूचा दाखला रॉन बर्गर या अमेरिकी शिक्षकाचा. आयडाहोतल्या एका पहिलीच्या मुलाने फुलपाखराचे चित्र काढले. वर्गातल्या पोरांनी आधी फक्त पंखांच्या आकाराबद्दल बोलायचे, मग फक्त नक्षीबद्दल, असे करत सहाव्या खेपेला ते चित्र एखाद्या निसर्गकोशात शोभावे असे झाले. बोलणे प्रेमळ हवे, नेमके हवे, उपयोगी हवे, एवढीच बर्गर यांची अट. सहा-सात वर्षांच्या पोरांना हे जमले, तर एकोणिसाव्या वर्षी न जमायला काय झाले?

यावरचा सर्वात जड आक्षेप असा, की वर्गमित्रांना कळते काय? न्यूझीलंडचे ग्रॅहम नटहॉल यांनी वर्गातल्या मुलांची आपापसांतली बोलणी वर्षानुवर्षे टिपली आणि त्यांना आढळले, की मुलांना मिळणारा बहुतेक अभिप्राय एकमेकांकडूनच येतो व त्यातला बराचसा चुकीचा असतो. आंधळ्याने आंधळ्याला वाट दाखवायची, यात शिक्षण कसले, असे एखादा प्राध्यापक म्हणाला तर तो उगाच म्हणत नाही. पण याला सांगली जिल्ह्यातच जुने उत्तर पडलेले आहे. १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसली, त्याच्या आधीपासून लक्ष्मणराव किर्लोस्कर लोखंडी नांगर विकू पाहत होते आणि शेतकरी तो घेत नव्हते. लोखंडाने जमीन विषारी होते, असा समज होता. रसायनशास्त्राने पाहिले तर शेतकरी चूक होते. पण ते नांगर घेत नाहीत ही माहिती शंभर टक्के खरी होती, आणि कारखाना चालवायचा तर तिला तोंड देणे भाग होते. वर्गमित्राचेही तसेच. ‘इथे रंग निळा कर’ हा त्याचा उपाय बहुधा चुकीचा असेल. पण त्याला बटण सापडले नाही, ही घटना चुकीची असू शकत नाही. म्हणून त्याच्याकडून उपाय मागू नयेत. घटना टिपाव्यात. कारण शोधणे हे साइट करणाऱ्याचे काम, आणि तिथे मास्तरची गरज संपत नाही, वाढते.

मराठी मजकुराच्या बाबतीत तर वर्गमित्र हा जवळजवळ एकमेव तपासनीस आहे. फुकट मिळणारे साचे रोमन अक्षरे डोळ्यांपुढे ठेवून केलेले असतात. त्यांत मराठी ओतले की ओळी दाटतात, वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो, मथळ्यातला रफार छाटला जातो. साच्याच्या डोक्यात पानाची भाषा ‘इंग्रजी’ अशी नोंदलेली असते आणि ती बदलायचे कुणाला सुचत नाही. मग अंधांसाठी पान वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर मराठीला इंग्रजी समजून अडखळते, आणि ज्या फाँटांत मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ वेगळे दिलेले असतात तिथेही हिंदी वळणाचे उमटतात. साइट करणाऱ्याला यातले काही दिसत नाही, कारण स्वतःचा मजकूर त्याला पाठ असतो. पाठ असलेले माणूस वाचत नसतो. फोनमधून थेट चढवलेला पाच एमबीचा फोटो लॅबच्या वायफायवर झटकन उघडतो. मेढ्याच्या एसटीत बसलेल्या मित्राला मात्र नुसता पांढरा चौकोन दिसतो.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. वर्ग म्हणजे काही निर्मळ पाणी नव्हे. गट असतात, जात असते, गावकी असते. एखाद्याच्या इंग्रजीवर हशा पिकतो, मुलीच्या साइटवरच्या फोटोची वेगळीच चर्चा होते. हे खरे आहे आणि म्हणूनच ग्रुपवरचा खुला अभिप्राय मला नको वाटतो. तिथे गर्दीसमोर बोलायचे असते, म्हणून माणूस एकतर वाहवा करतो नाहीतर टिंगल. समोरासमोर, एकास एक, हातात ठरलेले काम आणि बोलायला ठरलेला विषय असला की टिंगलीला जागा कमी उरते. संपत नाही, कमी होते. शिवाय वाचक आपल्याच बाकावरचा कशाला हवा? साताऱ्याच्या वर्गाने सांगलीच्या साइट वाचाव्यात, सांगलीने साताऱ्याच्या. कोण कुणाच्या गटातला हे ठाऊकच नसेल, तर तोंड पाहून बोलण्याचा प्रश्न येत नाही. साइट सगळ्या जगाला खुली असावी, अशी सक्तीही करू नये. फोटो, घरचा पत्ता, मोबाइल नंबर न टाकता काम दाखवता येते. त्यातले काही चुकून राहिले असेल तर ते सापडायचे तेही बहुतेक वेळा दुसऱ्याच्याच डोळ्यांना.

तिसरा आक्षेप आजचा आहे : एआयला सांगितले की पाच मिनिटांत साइट तयार, मग हा खटाटोप कशाला? माझ्या मते त्यामुळेच. साइट बनवणे इतके स्वस्त झाले असेल, तर गुण बनवण्याला देण्यात अर्थ उरलेला नाही. एआयला ‘पातळी फुटांत दाखव’ म्हटले तर ते दाखवीलही. पण तसे म्हणायचे हे सुचायला आधी कुणीतरी तक्त्यापाशी अडलेला पाहावा लागतो. आणि कॅम्पस मुलाखतीत साइट कोण बघतो, या प्रश्नावर एवढेच सांगेन, की पहिली आवृत्ती अशी होती, वाचक अमुक जागी अडला, म्हणून मी तमुक बदलले, हे ज्याला सांगता येते त्याच्याकडे मुलाखतीत बोलायला काहीतरी असते. रंगीत पट्टीबद्दल काय बोलणार?

राहिला वेळेचा प्रश्न. याकोब नील्सन यांनी २००० मध्ये मांडलेला हिशेब प्रसिद्ध आहे : पाच माणसांनी वापरून पाहिले की साइटमधल्या वापराच्या सुमारे ८५ टक्के अडचणी समोर येतात. आकड्यावर पुढे वाद झाले, तेव्हा त्याला फार चिकटू नये. पण पाच ही संख्या वर्गाला परवडणारी आहे. साठ जणांच्या वर्गात प्रत्येकाच्या साइटला पाच वाचक द्यायचे तर प्रत्येकाला पाच साइट वाचाव्या लागतात. दहा मिनिटांप्रमाणे पन्नास मिनिटे, आणि आपल्या वाचकांशेजारी गप्प बसायला तेवढीच. एका प्रॅक्टिकलचे काम. दुसऱ्या जिल्ह्यातला वाचक असेल तर व्हिडिओ कॉलवर स्क्रीन दाखवून होते, थोडे कटकटीचे पडेल इतकेच.

गुणांचे मात्र नीट ठरवावे लागेल, नाहीतर मित्र मित्राला वाटून टाकतील. वर्गमित्राने गुण द्यायचेच नाहीत. त्याने एका कागदावर तीन ओळी लिहायच्या : मला काय करायला सांगितले होते, मी कुठे अडलो, किती वेळ अडलो. ‘छान’, ‘सुंदर’, ‘भारी’ लिहिले तर कागद परत. प्रकल्पाच्या पन्नास गुणांतले दहा या तीन ओळी लिहिणाऱ्याला, त्याने नीट पाहिले म्हणून. आणि वीस पहिल्या व दुसऱ्या आवृत्तीतल्या फरकाला. साइट गिटहबवर असेल तर कोणती ओळ कोणत्या तारखेला बदलली हे तिथे नोंदलेले असते, प्राध्यापकाला मुलाच्या शब्दावर विसंबावे लागत नाही. तोंडी परीक्षेला बाह्य परीक्षक आले की त्यांच्यापुढे अभिप्राय वहीऐवजी हे पाच कागद ठेवावेत.