छंदाचा कोपरा : पहिलं पिस्तूल कोणतं?

मंडळी, रेंजवरच्या हौशी स्पर्धांसाठी कोणतं पिस्तूल घ्यावं, असं आम्हाला नेहमी विचारतात. आम्ही म्हणतो, .22 च घ्या. झटका कमी, गोळ्या स्वस्त, म्हणजे सराव भरपूर. कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या एशियाडचं सुवर्ण .22 नेच मिळवलं! रुगरचं 2016 साली आलेलं मार्क 4 एका बटणाने उघडतं, साफसफाईला बरं. आधी भाड्याने दोन-तीन चालवून मूठ हातात बसते का ते पाहा.

पण त्याहीआधी व्हिसा पाहा. एच-1बी किंवा एफ-1 वर असाल तर अमेरिकेच्या फेडरल कायद्याने भाड्याचं पिस्तूलही हाती धरता येत नाही. शिकारीचा वैध परवाना असेल तर सूट आहे. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी नाही, मात्र राज्याचे नियम वेगळे. शिकायला आलेल्या भाच्याला आम्ही गुण मोजायला बसवतो.