किती दिवस बुडावे?

माणसाने आयुष्यात एकदा तरी बुडावे असे माझे मत आहे. पण किती दिवस बुडावे, या प्रश्नावरून माझे आणि माझ्या साडूंचे जे जुंपले आहे ते अजून मिटलेले नाही. वाचकांनी आता निवाडा करावा.

हे बुडणे धंद्यातले नव्हे. पाठीला हवेचे नळकांडे, कमरेला शिशाची वजने आणि पायाला बदकासारखे पंजे लावून हौसेने समुद्राच्या पोटात जायचे, पाऊण तास मासे बघायचे आणि वर येऊन चहा प्यायचा, असले हे बुडणे. पन्नाशी उलटल्यावर लेकीच्या हट्टापायी मी ते तारकर्लीला शिकलो. पुढे कोणीतरी मला 'लिव्हअबोर्ड' नावाच्या प्रकाराबद्दल सांगितले. म्हणजे बोटीवरच राहायचे, बोटीवरच जेवायचे, आणि दिवसातून तीन-चार वेळा बोटीवरून उडी टाकायची. रात्री आपण घोरत असताना बोट पुढच्या ठिकाणी जाते. अष्टविनायकाच्या बसमध्ये आणि हिच्यात फरक एवढाच, की इथे दर्शन पाण्याखाली असते.

मी थायलंडमधली सिमिलन बेटे नक्की केली. फुकेतच्या वायव्येला, अंदमानच्या समुद्रात ही नऊ बेटे आहेत. साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंतच ती उघडी असतात, पावसाळ्यात बंद. २०१८ पासून बेटांवर रात्रीचा मुक्काम करायलाही बंदी आहे, त्यामुळे तिथे झोपायचे तर बोटीवरच. आता प्रश्न उरला एकच : दोन रात्रींची सहल घ्यावी, चार की सहा?

इथे साडूंचा प्रवेश होतो.

आमचे साडू बँकेतून निवृत्त झाले, पण बँक काही त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. अमर्याद थाळीच्या हॉटेलात जायचे असले की ते आदल्या रात्रीपासून उपास धरतात आणि बासुंदीच्या चौथ्या वाटीला "आता वसूल झाले" असे जाहीर करतात. स्वतः ते पाण्यात घोट्यापलीकडे जात नाहीत. तरी त्यांनी माझी सहल हातात घेतली, चष्मा पुसला आणि वहीत रकाने आखले : रात्री, बुड्या, आणि दर बुडीस पडणारा खर्च. दोन रात्रींची बुडी सर्वांत महाग, चार रात्रींची त्याहून स्वस्त, सहा रात्रींची सर्वांत स्वस्त. वीस बुड्या, दर बुडी पाच हजार!

"सहाच घ्या," ते म्हणाले. "अहो, यात विचार कसला करायचा?"

मी विचार केला नाही. हा माझा गुन्हा.

बोटीवरचा दिवस असा असतो : सहाला दारावर थाप. डोळे चोळत खाली काय बघायचे ते ऐकायचे, आणि बुडी. मग न्याहारी, दुसरी बुडी. जेवण, डुलकी, तिसरी. संध्याकाळी चौथी, हातात विजेरी घेऊन. अंगाला चिकटलेला रबरी पोशाख कधी वाळत नाही. तो रोज सकाळी ओलाच चढवावा लागतो, आणि तेव्हा माणसाला आपल्या अंथरुणाची जी आठवण येते ती सांगण्यासारखी नाही. पहिल्या तीन दिवसांत मी अकरा बुड्या मारल्या. एकही सोडली नाही. सोडणार कशी? प्रत्येक वेळी डोळ्यांपुढे साडूंचा रकाना उभा राहायचा. पायात गोळे आले, तरी म्हटले पाच हजार. डोके जड झाले, तरी पाच हजार.

चौथ्या दिवशी बोट रिशेल्यू रॉकला पोचली. मी खरे म्हणजे याच दगडासाठी गेलो होतो. बेटांच्या उत्तरेला, ब्रह्मदेशाच्या हद्दीजवळ, घोड्याच्या नालासारखा हा खडक समुद्रातून वर आला आहे. त्याच्यावर जांभळ्या मऊ प्रवाळाची बाग आहे म्हणतात. 'म्हणतात' अशासाठी की मी ती पाहिली नाही. त्या दिवशी पहाटे मला शिंका आल्या, नाक चोंदले आणि गिळताना कानात टकटक होऊ लागली.

आमच्या हिने दिलेल्या डब्यात सर्दीची गोळी होती. ती मी गुपचूप घेतली. पोशाख चढवला, नळकांडे पाठीला लावले आणि फळीवर जाऊन उभा राहिलो. आमची वाटाडी माझ्या लेकीच्या वयाची थाई मुलगी होती. तिने माझ्या लाल नाकाकडे पाहिले आणि विचारले, "कान?" मी अंगठा आणि तर्जनी जोडून 'उत्तम' अशी खूण केली. साठीकडे झुकलेला माणूस लेकीच्या वयाच्या मुलीशी धडधडीत खोटे बोलला! तिने शांतपणे माझ्या पाठीवरचा पट्टा सोडला आणि मला बाकावर बसवले.

मग तिने जे समजावले ते साडूंच्या वहीत नव्हते. खाली जाताना कान अडला तर वर येता येते. पण गोळीच्या जोरावर नाक मोकळे करून खाली गेलात आणि तिथे गोळीचा जोर सरला, तर कानात कोंडलेली हवा वर येताना बाहेर पडत नाही. तेव्हा माणूस अडकतो : वर यावे तर कान फुटायची भीती, थांबावे तर नळकांड्यातली हवा मोजकी. "खडक कुठे जात नाही," ती म्हणाली.

म्हणजे, वाचकहो, मी माझ्या कानाचा पडदा पाच हजार रुपयांना विकायला काढला होता. तोही साडूंनी ठरवलेल्या भावाने!

बाकीची मंडळी पाण्यात गेली. वर आल्यावर ती समुद्रघोड्यांबद्दल बोलत होती आणि मी त्यांना टॉवेल देत होतो. पुढचे सगळे दिवस मी हेच केले. समुद्राच्या मधोमध "मला इथेच उतरवा" म्हणून घंटी मारायची सोय नसते.

आणखी एक गंमत. बुडी मारली की दाबाखालच्या हवेतला नायट्रोजन अंगात मुरतो आणि वर आल्यावर सावकाश निघतो. रोज तीन-चार बुड्या मारल्या की तो साठत जातो. तेवढ्यात विमानात बसलात तर तिथल्या कमी दाबाने अंगात त्याचे बुडबुडे होऊ शकतात. सोड्याची बाटली उघडल्यावर होते तसे, फक्त बाटली आपण. म्हणून अनेक दिवस बुड्या मारल्यावर विमानापूर्वी निदान अठरा तास जाऊ द्यावे असा संकेत आहे. पुष्कळजण चोवीस धरतात. त्यामुळे किनाऱ्यावर हॉटेलची एक रात्र जादा पडते. ही रात्र साडूंच्या रकान्यात नव्हती. मी तर त्याआधी दोन दिवस कोरडाच होतो, लगेच उडू शकलो असतो. पण तिकीट दुसऱ्या दिवशीचे. जो नायट्रोजन अंगात नव्हता तो निघून जाण्याची वाट बघत मी हॉटेलचे भाडे भरले.

तेव्हा माझे म्हणणे असे. सहलीची लांबी पाकिटाने ठरवू नये. ती आधी नकाशाने ठरवावी. कोस्टा रिकाजवळचे कोकोस बेट किनाऱ्यापासून सुमारे साडेपाचशे किलोमीटर आहे. बोटीला नुसते पोचायला तीसेक तास लागतात. तिथे चार रात्रींसाठी जाणे म्हणजे उंबऱ्याला हात लावून परत येणे. तिथे दहा रात्रीच हव्यात. सिमिलनला दोन रात्रींत रिशेल्यूपर्यंत जाऊन येणे म्हणजे ओढाताण, पण चार रात्रींत तो नीट होतो. म्हणजे दोन कमी. सहा मला जास्त का? तर नकाशानंतर विचारायचे ते स्वतःच्या शरीराला. रोज चार वेळा दाबाखाली जाऊन येणारे शरीर सत्तावन्न वर्षांचे आहे, हे ज्याचे त्याला ठाऊक असते. आणि शेवटी, एखादी बुडी हसत सोडून देता येईल असा हिशेब धरावा. रोजच्या चारांतली एक आपली नाहीच असे घरून ठरवून निघावे. जी बुडी सोडता येत नाही ती मारू नये.

साडूंच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. सहा रात्रींत दोष नव्हता. शंभर बुड्या मारलेला तिशीतला जवान त्या आनंदाने घेईल, आणि त्याने घ्याव्यात. दोष होता तो दर बुडीच्या भावाने त्या विकत घेण्यात. स्वस्त पडते म्हणून जादा घेतले की ते संपवणे हे कर्तव्य होऊन बसते. बासुंदीच्या चौथ्या वाटीने फार तर पोट बिघडते. समुद्रात तेवढ्यावर सुटका होत नाही.

परत आल्यावर साडू भेटायला आले. खुशाली विचारण्याआधी त्यांनी वही उघडली. "वीसपैकी अकरा? म्हणजे नऊ बुड्या गेल्या! पंचेचाळीस हजार बुडाले हो!"

"बुडाले," मी म्हटले. "बरे झाले. नाहीतर मी बुडलो असतो."

तेव्हापासून ते माझ्याशी जेवढ्यास तेवढे बोलतात. निदान दोन्ही कानांनी मला ते ऐकू येते. या हंगामात मी पुन्हा जातो आहे. चार रात्री. तो खडक अजून बघायचा राहिला आहे. आणि साडूंना तारखा कळवायच्या नाहीत अशी हिला ताकीद आहे.